माँ ब्लाँ पाहायचा तो नेमका कुठून?

पाणंद
नमस्कार मंडळी. येत्या जूनमध्ये धाकट्या बहिणीकडे जिनिव्हाला जायचे ठरले आहे आणि त्यातले दोन दिवस आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या पायथ्याशी असलेल्या शामोनी गावासाठी राखून ठेवले आहेत. सोबत वडील असतील. त्यांचे वय बहात्तर. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात फिटर म्हणून त्यांनी तेहेतीस वर्षे नोकरी केली. परदेश पाहण्याची त्यांना कधीच हौस नव्हती, पण हा एक डोंगर मात्र त्यांना पाहायचा आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँवर कोसळले आणि त्यात डॉ. होमी भाभा गेले, तेव्हा वडील बारा वर्षांचे होते. लालबागच्या आमच्या चाळीत त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती माणसे कशी गप्प उभी राहिली होती, हे ते आजही सांगतात. पुढच्याच वर्षी केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले आणि काही वर्षांनी वडील तिथेच कामाला लागले.

सहल कंपन्यांच्या पत्रकांत 'माँ ब्लाँ दर्शन' म्हणून जे असते, त्यात केबल कारने वर जायचे, छायाचित्रे काढायची आणि जेवून परतायचे, एवढेच दिसते. इतक्या लांब जाऊन एवढ्यावरच परत फिरणे मला पटत नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वडिलांच्या वयाला झेपेल अशा बेताने हा डोंगर नीट कुठून दिसतो? आणि जाण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा असा त्याचा इतिहास कोणी सांगेल का?

जिनिव्हाकर
आधी व्यवहाराचे सांगतो. जिनिव्हाहून शामोनीला बसने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. मधे फ्रान्सची हद्द लागते, म्हणून पारपत्रे जवळ असू द्यावीत. गावाच्या नावातले शेवटचे अक्षर उच्चारत नाहीत. 'शामोनिक्स' म्हटले तर बसचालकाला पटकन कळत नाही.

पत्रकांत असते ती केबल कार एग्वीय द्यु मिदी नावाच्या सुळक्यावर जाते. गाव १०३५ मीटरवर आहे. पहिला टप्पा २३१७ मीटरपर्यंत आणि दुसरा थेट ३७७७ मीटरपर्यंत नेतो, आणि या दुसऱ्या टप्प्यात मधे एकही खांब नाही. तिथून खडकाच्या पोटातल्या लिफ्टने ३८४२ मीटरवरच्या गच्चीत पोहोचता येते. हे सगळे अर्ध्या तासात होते, आणि खरी अडचण तीच आहे. शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. बाबांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर नेऊ नका. नेलेच, तर मधल्या स्थानकावर अर्धा-पाऊण तास बसवा. वर पोहोचल्यावर जिने सावकाश चढा आणि तासाभरात खाली उतरा. जायचे तर सकाळच्या पहिल्या गाडीने जा, कारण दुपारनंतर ढग चढतात आणि मग काहीच दिसत नाही.

कातळकडा
जिनिव्हाकरांनी लिहिलेले सगळे बरोबर आहे, पण मुळातली एक गोष्ट राहिली. एग्वीय द्यु मिदी म्हणजे माँ ब्लाँ नव्हे. तिथे उभे राहिल्यावर माँ ब्लाँचा माथा आणखी सुमारे हजार मीटर वर असतो, आणि जवळ असल्यामुळेच त्याचा आकार कळत नाही. एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या उंच इमारतीची फक्त वरची कड दिसावी, तसे होते.

हा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाहायचा असेल, तर दरीच्या दुसऱ्या बाजूला ब्रेवाँवर जा. तिथेही केबल कार आहे. उंची २५२५ मीटर, म्हणजे बाबांना बरीच सोसण्याजोगी. तिथून गूतेचा घुमट, माथ्याकडे जाणारी धार आणि थेट गावाच्या डोक्यावर उतरणारी बोसाँ हिमनदी, असे सगळे एका नजरेत मावते. सह्याद्रीत आपण समोरच्या डोंगरावरून किल्ल्याची तटबंदी, सोंडा आणि घळी न्याहाळून वाट ठरवतो, तसेच हे आहे.

मी स्वतः २०१५ साली माथ्यासाठी गेलो होतो. तेत रूसच्या निवाऱ्यापर्यंत, म्हणजे ३१६७ मीटरपर्यंत पोहोचलो. पुढे गूतेची घळ आडवी पार करावी लागते. त्या उन्हाळ्यात बर्फ वितळून घळीतले दगड मोकळे झाले होते. निवाऱ्याच्या ओट्यावर बसून आम्ही ऐकत होतो. आधी वरून एक कोरडा ठोका यायचा, मग पाठोपाठ वाळूची गोणी ओतावी तशी सर आणि मग दरीत उठणारी धूळ. दुपारी तीन ते पाच या दोन तासांत मी अकरा वेळा मोजले. आमच्या वाटाड्याने परत फिरायचे ठरवले आणि मला ते पूर्णपणे मान्य होते.

मंजिरी_पुणे
कातळकडा, तुमचे म्हणणे समजले, पण एग्वीय द्यु मिदीला इतके कमी लेखू नये असे मला वाटते. माझ्या आईचे गुडघे निकामी आहेत. आयुष्यात ती कधी तोरण्याची पायरीही चढलेली नाही. त्या गच्चीत खुर्चीवर बसून तिने पहिल्यांदा ढग खालच्या बाजूला पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही. बर्फाच्या अरुंद धारेवरून दोराने बांधलेली माणसे एकामागून एक उतरत होती, त्यांचे बूट रुतल्याचा करकर आवाज तिथपर्यंत येत होता. तो डोंगर माँ ब्लाँ आहे की शेजारचा सुळका, याने तिला काहीच फरक पडला नाही.

जुनी_पाने
पाणंद यांनी इतिहास विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगरावर जाण्याचे कोणाला प्रयोजनच नव्हते. वर होते ते फक्त बर्फ, आणि खालचे लोक स्फटिक शोधणारे, शिकारी आणि गुराखी. १७६० साली जिनिव्हाचे तरुण निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर शामोनीला आले आणि माथ्यावर पोहोचण्याची वाट शोधणाऱ्याला त्यांनी बक्षीस जाहीर केले. तरीही पुढची सव्वीस वर्षे ते कोणाला जमले नाही. लोकांना सर्वांत मोठी भीती होती ती बर्फावर रात्र काढण्याची. उघड्यावर झोपलेला माणूस सकाळी उठणार नाही, अशी समजूत होती.

ही समजूत मोडली झाक बाल्मा या स्फटिक शोधणाऱ्या तरुणाने. १७८६ च्या जूनमध्ये तो एकटा हिमनदीवर रात्र काढून जिवंत परतला. त्यानंतर गावचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार यांच्यासोबत तो निघाला. पाकार कित्येक दिवस दुर्बिणीतून वाट अभ्यासत होते. दोघांनी बोसाँ आणि ताकोना या दोन हिमनद्यांच्या मधल्या सोंडेच्या टोकाला मुक्काम केला आणि ८ ऑगस्ट १७८६ रोजी पहाटे निघून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माथा गाठला. कमरेला दोर नव्हता, हातात बर्फकुऱ्हाड नव्हती. होत्या त्या फक्त लांब काठ्या. पाकार यांनी वायुभारमापक आणि तापमापकही वर नेले होते. उतरल्यावर बर्फाच्या चकाकीने त्यांना काही काळ दिसेनासे झाले होते.

यानंतर जे घडले ते मला आजही खटकते. बक्षीस बाल्माला मिळाले आणि सार्डिनियाच्या राजाकडून मानही मिळाला; शामोनी तेव्हा त्याच राज्यात होते आणि १८६० मध्ये ते फ्रान्सकडे आले. जिनिव्हाच्या मार्क-तेओदोर बूरी यांनी लिहून असा समज पसरवला की बाल्मा पुढे गेला आणि डॉक्टरांना त्याने कसेबसे ओढत नेले. १८३२ साली वृद्ध बाल्माने तीच गोष्ट फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्युमा यांना सांगितली आणि ती जगभर झाली. १८८७ मध्ये गावात पुतळा उभारला तोही बाल्मा आणि सोस्यूर यांचा. तिथे बाल्मा हात वर करून माथा दाखवतो आहे आणि पाकारांचा पत्ताच नाही. वास्तविक त्या दिवशी फोन गेर्सडॉर्फ नावाचे एक जर्मन प्रवासी दुर्बिणीतून दोघांची चढाई पाहत होते. त्यांनी वेळा आणि रेखाटने टिपून ठेवली होती, आणि पुढे त्या नोंदींवरूनच पाकार यांना न्याय मिळाला. त्यांचा पुतळा उभा राहायला १९८६ साल उजाडावे लागले, म्हणजे चढाईनंतर दोनशे वर्षे.

बाबांना दोन्ही पुतळे दाखवा. एकाकडून दुसऱ्याकडे पायी काही मिनिटांत जाता येते.

कातळकडा
जुनी_पाने, पाकारांवर अन्याय झाला हे मान्य, पण त्या भरात बाल्माचे माप कमी होऊ नये. हिमनदीवर एकट्याने काढलेली ती रात्र झाली नसती, तर डॉक्टर दुर्बिणीतून पाहतच राहिले असते. वाट डोळ्यांनी शोधणे आणि पायांनी शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडेही गडाच्या चढाईच्या पुस्तकात नाव येते ते शहरातून गेलेल्याचे, आणि ज्या गावकऱ्याने वाट दाखवली तो 'एक स्थानिक' म्हणून उरतो. इथे निदान वाटाड्याचे नाव राहिले, याचा मला आनंद आहे.

जुनी_पाने
हे मी मान्य करतो. म्हणूनच दोघांची नावे नेहमी एका श्वासात घ्यावीत, असे मला वाटते. पुढे पाकार यांनी बाल्माच्याच बहिणीशी लग्न केले. गावातल्या नात्यांनी हा वाद पुस्तकांइतका ताणला नसावा.

रानजाई
इतिहासात एक भर घालते. १८०८ साली मारी पारादी ही शामोनीतली मोलकरीण माथ्यावर पोहोचली. माथा गाठणारी ती पहिली स्त्री. शेवटी तिला जवळजवळ ओढूनच न्यावे लागले होते आणि हे तिने कधी लपवले नाही. १८३८ मध्ये आंरिएत दांजव्हिल ही चव्वेचाळीस वर्षांची स्त्री स्वतःच्या तयारीने, स्वतःचे वाटाडे घेऊन गेली. माथ्यावर वाटाड्यांनी तिला खांद्यावर उचलून घेतले, डोंगरापेक्षाही उंच व्हावी म्हणून. खाली आल्यावर तिने मेजवानीला वृद्ध मारी पारादीला मुद्दाम बोलावले. मला या सगळ्यात ते बोलावणे सर्वांत मोठे वाटते.

शाळामास्तर
आमच्या भूगोलाच्या पुस्तकात उंची ४८०७ मीटर असे असायचे आणि मुले विचारत, गुरुजी, नेटवर वेगळी का? कारण माथ्यावर खडक नसून बर्फाची जाड टोपी आहे. खाली दडलेला खडकाचा माथा ४७९२ मीटरवर आहे. वाऱ्याने बर्फ कमी-जास्त होतो, तशी उंची बदलते. २००१ पासून तिथले भूमापक दर दोन वर्षांनी मोजणी करतात. २०२१ मध्ये ४८०७.८१ आली आणि २०२३ मध्ये ४८०५.५९. ही घट पाऊस-वाऱ्याचीही असू शकते. तिच्यावरून लगेच मोठा निष्कर्ष काढू नये, असे मी मुलांना सांगतो.

हवामान बदलले आहे हे पाहायचे असेल, तर माथ्याकडे न पाहता मेर द ग्लास या हिमनदीकडे जावे. गावातून लाल रंगाची दातेरी रुळांची गाडी माँतावेरला जाते. मी २०१६ साली गेलो होतो. बर्फातल्या गुहेपर्यंत उतरायला तेव्हा पाचशेहून अधिक पायऱ्या होत्या, आणि वाटेत खडकावर वर्षांच्या पाट्या लावलेल्या होत्या: अमुक साली बर्फ इथवर होता. १९८५ ची पाटी मी सहज ओलांडली. १९९० च्या पाटीपाशी दम लागला म्हणून थांबलो. २०१० ची पाटी आली तेव्हा वाटले, आता बर्फ आलाच असेल, तर खाली अजून कितीतरी जिना बाकी होता. माझी नोकरी १९८५ मध्ये सुरू झाली. एवढ्या काळात एवढा बर्फ गेला, हे मी पायांनी मोजले.

सत्यशोधक७
इतिहास छान चालला आहे, पण मूळ मुद्दा कोणी का काढत नाही? भाभांचे विमान अपघाताने पडले नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

मनोरा_निवृत्त
सत्यशोधक७, मी हवाई वाहतूक नियंत्रणात एकतीस वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे थांबून लिहितो. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता. विमानाच्या दोन दिशादर्शक संचांपैकी एक बैरुतहून निघतानाच बंद होता. त्यामुळे वैमानिकाने माँ ब्लाँपासूनचे आपले अंतर अंदाजाने काढले आणि तो अंदाज चुकला. जिनिव्हाच्या रडार नियंत्रकाच्या ती चूक लक्षात आली आणि त्याने खरी जागा कळेल अशा समजुतीने संदेशही दिला. पण त्याची शब्दरचना पुरेशी नेमकी नव्हती. डोंगर मागे पडला आहे असे समजून वैमानिकाने खाली उतरणे चालू ठेवले. ११७ माणसे गेली.

या धंद्यात ज्यांनी कानाला यंत्र लावून वर्षे काढली आहेत, त्यांना हे वाचून अंगावर काटा येतो, कारण हे किती सहज होऊ शकते ते आम्हाला ठाऊक आहे. 'तुमच्यापुढे डोंगर आहे' एवढे सरळ वाक्य आणि 'डोंगर इतक्या अंतरावर' यांत गोंधळाला जागा असते. म्हणूनच आम्हाला ठरलेली वाक्ये घोकायला लावत आणि समोरच्याने ती परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. कटाच्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत. त्यांना पुरावा म्हणता येईल असे काही माझ्या वाचनात आलेले नाही. आणि त्या गोष्टी सांगताना बाकीच्या ११६ जणांचा उल्लेखही होत नाही, याचे मला वाईट वाटते.

खाडीकाठ
मनोरा_निवृत्त यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. याच डोंगरावर, जवळजवळ त्याच जागी, १९६६ च्या आधी एअर इंडियाचेच आणखी एक विमान आदळले होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी, मुंबईहून लंडनला निघालेले 'मलबार प्रिन्सेस'. त्यात ४८ माणसे होती आणि प्रवाशांपैकी बहुतेक जण इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू व्हायला निघालेले खलाशी होते. बचावाला निघालेल्या पथकातले रेने पायो हे वाटाडेही बर्फातल्या भेगेत पडून गेले.

आमच्या घरात बोटीवरची नोकरी तीन पिढ्यांची आहे. आजोबा कागद घेऊन निघत, तेव्हा आजी दारात उभी राहून फक्त 'कुठल्या बंदरावरून पत्र टाकाल' एवढेच विचारी. त्या खलाशांच्या घरच्यांनीही समुद्राचीच भीती बाळगली असेल; डोंगराची कोण कशाला बाळगेल? पाणंद, तुमच्या वडिलांसोबत तिथे उभे राहाल, तेव्हा या माणसांचीही आठवण ठेवा, एवढी विनंती.

जिनिव्हाकर
खाडीकाठ, लिहिलेत ते फार बरे केले. आता कातळकडांच्या सल्ल्यात मी एक जागा जोडतो, ती म्हणजे बोसाँ हिमनदीचा पायथा. दोन्ही विमानांचे अवशेष तूर्नेत नावाच्या कड्याच्या आसपास बर्फात गाडले गेले, आणि बर्फ ते दरवर्षी थोडे थोडे खाली आणतो आहे.

बर्फ गिळलेले परत देतो, हे तिथल्या लोकांनी फार पूर्वी पाहिले आहे. १८२० साली डॉ. हामेल यांच्या चढाईत हिमप्रपात होऊन तीन वाटाडे भेगेत गाडले गेले. पुढच्याच वर्षी शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली, ती आजही चालू आहे. हिमनदीचा वेग मोजणाऱ्या जेम्स फोर्ब्स यांनी हिशोब केला होता की ही माणसे सुमारे चाळीस वर्षांनी पायथ्याशी येतील. १८६१ मध्ये ती आली. त्या चढाईतून वाचलेल्या एका वाटाड्याने, आता म्हातारपणी, आपल्या सोबत्यांना ओळखले.

विमानांचेही तसेच झाले. २०१२ मध्ये 'कांचनजंगा'तली भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली मिळाली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, माणिक आणि नीलम यांनी भरलेली डबी सापडली आणि त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये ती रत्ने तो आणि शामोनीची नगरपालिका यांच्यात अर्धी-अर्धी वाटली गेली. २०२० मध्ये पायथ्याजवळच्या एका उपाहारगृहाच्या चालकाला जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. त्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी होती. त्याने ती उन्हात वाळवली आणि अक्षरे वाचता येत होती.

बोसाँ गावातून जंगलातली वाट आहे, तास-दीड तासाची. बाबांना बसत बसत जमेल. एकच सांगतो, काही दिसले तर उचलून घरी आणू नका.

सत्यशोधक७
मनोरा_निवृत्त, शब्दरचनेचा हा तपशील मला माहीत नव्हता. 'सगळ्यांना माहीत आहे' हे लिहायला नको होते.

पाणंद
मंडळी, काल परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. जाण्यापूर्वी हा सगळा धागा छापून वडिलांना दिला होता आणि तो त्यांनी विमानात दोनदा वाचला.

पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता ब्रेवाँवर होतो. आकाश स्वच्छ होते. कातळकडा, तुम्ही म्हणालात तसाच संपूर्ण डोंगर समोर होता. वडिलांनी दुर्बिणीतून आधी दोन हिमनद्यांच्या मधली सोंड शोधली आणि बाल्मा-पाकार कुठे झोपले असतील ते मला दाखवले. तूर्नेतचा कडा शोधायला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली आणि चष्मा पुसत राहिले. दुपारी दोन्ही पुतळे पाहिले. पाकारांच्या पुतळ्याशी जुनी_पाने यांचे नाव घेतले.

मग बोसाँ. तास-दीड तासाच्या वाटेला आम्हाला अडीच तास लागले. वर बर्फाची धार फार लांब सरकली आहे. खाली उरला आहे तो राखाडी दगडगोट्यांचा उतार आणि त्यातून धावणारे दुधाळ पाणी. वाटेच्या कडेला एका सपाट दगडावर कोणीतरी वीतभर लांबीची, चुरगळलेली पत्र्याची पट्टी ठेवली होती. वडील उकिडवे बसले. हात लावला नाही. मान वाकडी करून त्यांनी रिव्हेट मोजले. सात होते, एकाची जागा रिकामी. म्हणाले, "अल्युमिनियम आहे. डोकी पत्र्यात बुडवून बसवलीत, वरून हात फिरवला तर लागणार नाहीत. ज्याने मारले त्याचा हात चांगला होता." हा पत्रा पन्नास सालचा की सहासष्ट सालचा, असे मी विचारले. ते म्हणाले, यावरून सांगता येणार नाही. मग थोड्या वेळाने, "खाडीकाठवाल्यांना कळव, दोघांसाठी उभा राहिलो."

मंजिरीताई, दुसऱ्या दिवसाची एग्वीय द्यु मिदीची तिकिटे काढलेली होती आणि डॉक्टरांनीही परवानगी दिली होती. पण सकाळी वडील बूट घालून तयार होते ते पुन्हा बोसाँला जाण्यासाठी. तिकिटे बहिणीला आणि भाच्याला दिली आणि आम्ही दोघे त्याच वाटेने निघालो.